घरटी एक नोकरी

"कोण्या गावच्या जी तुम्ही?"

ढोक्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी टाइम ऑफिसच्या खिडकीआड बसलेले, बाहेर कंत्राटदाराने आणलेल्या नव्या माणसांची रांग. नाव-गाव विचारायचं काम माझं होतं, त्यांचं नव्हे. पण माणूस इतक्या सरळपणे विचारत होता की मी सांगून टाकलं, "शुक्रवार पेठ."

"थे राहाचं झालं. गाव कोनतं?"

"शुक्रवार पेठच. माझे आजोबाही तिथलेच."

"म्हंजे गावच नाही," असं हळूच म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते माझ्या घरी काहीतरी वाईट घडल्यासारखं. शुक्रवार पेठेत जन्मलेल्या बाईची कुणी कीव करावी हे मला नवीनच होतं. "पुढे सरका, मागे रांग आहे," मी म्हटलं. ते सरकले. पण पुढची कितीतरी वर्षं, बाहेर कुठे ओळख करून द्यायची वेळ आली की ते सांगायचे, "आमच्या टाइम ऑफिसच्या बाई. लय चांगल्या हायेत. गाव नाही त्याइले."

आमचा कारखाना हडपसरच्या बाजूला. शेतीच्या पंपांचे सुटे भाग करायचा. मोठा नव्हे, पण लेथच्या घरघरीत आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येऊ नये इतपत होता. मी स्वारगेटहून बस धरून जायची आणि संध्याकाळी चेंगरत परत यायची. ढोके तिथे लेथवर टर्नर म्हणून लागले. नाव गुलाब. काडीसारखा उंच माणूस, गालफडं बसलेली, आवाज मात्र खणखणीत. वऱ्हाडातलं बोरखडी हे त्यांचं गाव. नकाशात सापडत नाही, मी शोधून पाहिलं होतं.

काही सवयी अशा होत्या की माणूस लक्षात राहावाच. बूट घालण्याआधी ते दोन्ही बूट उलटे करून जमिनीवर आपटायचे. शेतात विंचू शिरतो म्हणून लागलेली सवय. कारखान्याच्या कोब्यावर विंचू कुठून येणार? "येत नाही हे खरं हाय, पन आपटाले काय जाते," हे त्यांचं उत्तर. डब्यात रोज ठेचा, आणि तो असा की शेजारी बसलेल्याच्या डोळ्यांतून पाणी यावं. आणि कुठलंही काम विचारा, "होऊन राहिलं." बुशिंग झालं का? होऊन राहिलं. रजेचा अर्ज दिलात का? होऊन राहिलं. मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो, होऊन राहिलं म्हणजे झालंय की व्हायचंय, ते तरी कळू द्या." तर म्हणाले, "थे मधातलं असते बाई."

नवं मशीन आलं की सगळे त्याभोवती गोळा व्हायचे. कुणी किंमत विचारायचं, कुणी कुठल्या देशातलं म्हणून विचारायचं. ढोके मशीनवरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "हे आमच्याकडं कामी पडन." आमच्याकडं म्हणजे कारखान्यात नव्हे, बोरखडीला. सुरुवातीला मला वाटायचं, गावी वर्कशॉप टाकायचा विचार असेल. तसं काही नव्हतं, हे कळलं ते मालकांनी त्यांना कायम करायचं ठरवलं त्या दिवशी.

आमच्याकडची निम्मीअधिक माणसं कंत्राटावर. काही महिने झाले की कागदोपत्री त्यांना काढायचं, मधे चार दिवस जाऊ द्यायचे आणि पुन्हा नवीन म्हणून घ्यायचं. त्याला ब्रेक म्हणतात. माणूस तोच, मशीन तेच, फक्त कार्ड नवं. असं करत राहिलं की कुणाचाच कायमपणाचा हक्क उभा राहत नाही. ढोक्यांचं कार्ड मी किती वेळा नवं केलं याची गणतीच नाही. दर वेळी ते खिडकीशी येऊन म्हणायचे, "झालो बाई नवा." वर हसायचे. मला मात्र ते हसणं सोसायचं नाही.

तर मालकांना एकदा उपरती झाली. ढोके नुसते मशीन चालवत नव्हते, गावाकडून पोरं आणून त्यांना शिकवत होते. बोरखडीची, आसपासच्या गावांची. ती पोरं मन लावून काम करायची, कारण पुण्यात त्यांना दुसरं काही नव्हतंच. मालक म्हणाले, ढोक्यांना बोलवा, त्यांना कायम करून टाकू. मी आनंदाने स्वतः बोलवायला गेले. ढोके वर गेले, ऐकलं, आणि हात जोडून म्हणाले, "नाही जी साहेब. मले कायम नका करू."

मालकांना वाटलं, पगारासाठी ताणतोय. मी जिन्यात गाठून विचारलं, "ढोके, डोकं ठिकाणावर आहे ना? लोक कायम व्हायला मालकाच्या पाया पडतात."

मग ते स्टोअरच्या बाकावर बसले आणि मला पहिल्यांदा सगळं सांगितलं. ते आयटीआय करून नुकते गावी परतले होते तेव्हाची गोष्ट. बोरखडीच्या शिवारात औद्योगिक वसाहत होणार म्हणून मोजणीची माणसं आली. गाव द्यायला तयार नव्हतं. गावात लेथ डोळ्यांनी पाहिलेला माणूस एकच, हे. हेच मग घरोघर फिरले. कारखाने येतील, पोरं बाहेर जाणार नाहीत, अधिकाऱ्यांनी कबूल केलंय, ज्याची जमीन जाईल त्याला घरटी एक नोकरी. त्यांचे मोठे काका, ज्यांना ते मोठेबाबा म्हणत, ते सगळ्यात शेवटी तयार झाले. म्हणाले, सरकारचं मी काही ऐकत नाही, पण गुलाब म्हणतो तर देतो.

"मंग?"

"मंग काय, तार ओढली. पाटी लागली. आत बाभळी झाल्या. मोठमोठ्या झाल्या."

"आणि तुम्ही पुण्यात."

"हात चालू ठेवाले आलो, बाई. कंपनी आली का टर्नर लागनच ना. थोडेच दिवस म्हनून आलो."

"ते सगळं ठीक. पण इथे कायम झालात म्हणून काय बिघडलं?"

"बाहीर कायम असन त्याचं नाव कटते."

"असं कुठे लिहिलंय?"

"तसंच असते जी," ते म्हणाले. मग खाली बघत बोलले ते खरं कारण. "मी इथं कायम झालो हे गावात गेलं तं लोक काय समजतीन? ढोक्यानं आपलं पाहून घेतलं. आमाले तारेच्या बाहीर बसवलं अन् आपलं पाहून घेतलं."

मला राग आला. कुणाचा, हे नीट सांगता येणार नाही. कबूल करणारे बदलून गेले, मोजणारे निवृत्त झाले, आणि शब्दाला बांधलेला राहिला तो कोण, तर ज्याच्या हातात काडीचाही अधिकार नव्हता तो. मी म्हटलं, "अहो, तुम्ही काय मुख्यमंत्री होतात का?" ते म्हणाले, "नाही ना जी. म्हनून तं."

राहायला ते मांजरीत होते, तात्यांच्या खोल्यांमध्ये. तात्या म्हणजे जुने मांजरीकर शेतकरी. ऊस होता तिथे आता इमारती झाल्या, आणि उरलेल्या तुकड्यावर तात्यांनी पत्र्याच्या खोल्या बांधून बाहेरच्या कामगारांना भाड्याने दिल्या. माझ्या नणंदेने तिथेच जवळ फ्लॅट घेतला, त्यामुळे माझं जाणं-येणं झालं. ढोक्यांच्या खोलीत एक चटई, एक स्टोव्ह आणि एक पत्र्याची पेटी. कपडे खिळ्याला. मी म्हटलं, निदान एक फडताळ तरी घ्या. तर म्हणे, "पुन्हा न्याची पंचाईत."

तात्यांचा मुलगा सचिन आयटीआय झालेला. तो आमच्या कारखान्यात नोकरीसाठी आला आणि गेटवरूनच परत गेला. त्याच रविवारी मी मांजरीत होते. तात्या बाजेवर बसलेले, ढोके समोर उकिडवे. मला पाहून तात्या म्हणाले, "या बाई. तुमच्याच कंपनीचं कौतुक चाललंय. आमच्या शिवाराला लागून कंपनी, आन् आमच्याच पोराला न्हाय म्हणत्यात. का, तर म्हणं लोकल हाय."

खोटं नव्हतं ते. आमच्याकडेच काय, आसपासच्या बहुतेक ठिकाणी तोच खाक्या होता. लोकल नको. गावातल्या पोराला जत्रेची रजा लागते, मयतीला जावं लागतं, कुणी बोललं तर दुपारपर्यंत गेटवर त्याची भावकी उभी राहते. बाहेरचा पोरगा ओव्हरटाइमला नाही म्हणत नाही, कारण त्याला संध्याकाळी जायला ठिकाणच नसतं. कंत्राटदार बाबर हे उघड सांगायचा. माणसाचं घर जितकं लांब, तितकं त्याचं काम चांगलं, असं त्याचं म्हणणं.

"मी तिथे मालक नाही, तात्या," मी म्हटलं.

"तुमाला कोण बोलतंय? मी या ढोक्यास्नी इचारतोय. काय ढोके, तुमच्याकडं कंपनी आली म्हंजे काय व्हील?"

"आमच्याकडं असं नाही होनार," ढोके ठामपणे म्हणाले. "आमच्याकडं घरटी एक म्हनून कबूल केलं हाय."

"आमच्याकडं बी केलं हुतं," तात्या म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले.

त्यांची बायको, कमलबाई, गावीच राहायची. एकदाच पुण्याला आली होती, आणि मी दोघांना घरी जेवायला बोलावलं होतं. ढोके बाहेर आमच्या ह्यांच्याशी बोलत बसले, त्या माझ्यामागे स्वयंपाकघरात आल्या. बारीक चणीची, तरतरीत बाई. मी नको म्हणत असताना पोळ्या लाटायला घेतल्या. ढोक्यांनी शिकवलेल्या एका पोराचा नवा फ्लॅट त्या आदल्या दिवशी पाहून आल्या होत्या. नळ, ओटा, गॅलरी, सगळं त्यांनी मला हाताने दाखवत सांगितलं. सांगताना चेहरा नुसता फुलला होता.

"मग तुम्हीही या की राहायला," मी म्हटलं. "आता काय, मुलगीही सासरी गेली."

"मी आली तं घराले कुलूप लागते ना, बाई." पोळी तव्यावर टाकत त्या म्हणाल्या. "घराले कुलूप लागलं का गाव म्हनते, ढोक्यानं घर उचललं. म्हंजे कंपनी येतच नाही. लोकं मले रोज इचारतात, काय म्हनते गुलाब, कवा येते कंपनी? मी हाय तवर थे इचारतात. मी नसली तं काय करतीन?"

"मग ढोक्यांनी तिकडे जावं."

"तिकडं येऊन काय करतीन? वावर तं तारेच्या आत हाय."

थोड्या वेळाने त्या आपणहून म्हणाल्या, "सवत असती तं भांडली असती मी. हे न आलेल्या कंपनीशी कसं भांडाचं?" आणि हसल्या. मला हसू आलं नाही. ह्या माणसाने आपला शब्द गावात तारण ठेवला होता, आणि शब्दासोबत बायकोही. आणि ती हे सगळं समजून उमजून तिथे बसली होती. जेवताना ढोके मजेत होते, आमटीला तिखट कमी म्हणून माझी थट्टा करत होते. मी त्यांना वाढलं, पण मनातून त्यांना चांगलं झापावंसं वाटत होतं.

अशीच वर्षं गेली. त्यांनी शिकवलेली पोरं पुण्यात रुजली, कुणी चाकणला गेलं, कुणी स्वतःचा लेथ टाकला. लग्नं झाली, गाड्या आल्या. ढोक्यांच्या कानशिलावर पांढरं आलं आणि चष्मा लागला. मी निवृत्तीला आले. आणि मग ती बातमी आली, तीही मार्केट यार्डात.

संत्र्यांचे दिवस होते. घरात लग्न होतं म्हणून मी घाऊक फळं घ्यायला गुलटेकडीला जाणार होते. ढोके म्हणाले, संत्रा तुमाले समजत नाही बाई, मी येतो. वऱ्हाडातून आलेले ट्रक लागलेले, हमालांची आरडाओरड, पायाखाली पेंढा. ढोके प्रत्येक ट्रकवाल्याला "कोण्या गावचे?" विचारत चालले होते. एक ड्रायव्हर त्यांच्याच तालुक्यातला निघाला. बोरखडी म्हटल्यावर तो म्हणाला, "थे तारेच्या कंपाउंडवाली ना? तिथं काम सुरू हाय. बाभळी तोडल्या साऱ्या. खांब गाडून राहिले, काचा लावून राहिले."

ढोक्यांच्या हातात संत्रं होतं. ते त्यांनी दोन्ही हातांनी धरलं. "काचा?"

"सोलर, सोलर. उन्हावर लाइट करतेत ना. लय मोठी कंपनी हाय म्हनतेत."

ढोके माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "आली बाई," ते म्हणाले. "कंपनी आली." आणि भर यार्डात त्या ड्रायव्हरला मिठी मारली. मलाही भरून आलं, नाही कशाला म्हणू? सौर प्रकल्पात टर्नरचं काय काम, हे माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं.

ते त्याच आठवड्यात गावी गेले आणि परत आले ते खांदे पाडूनच. काचा बसवणारे परराज्यातले होते. बसवून झाल्यावर तिथे फार माणसं लागणारच नव्हती. काचा पुसणारे थोडे आणि गेटवर रखवालदार. तेही कंपनी घेत नव्हती, कंत्राटदार पुरवणार होता. आणि कंत्राटदाराचं ऑफिस कुठे, तर हडपसरला. आमचा बाबरच. बोरखडीतली नोकरी मागायला ढोक्यांना पुण्यात परत यावं लागलं.

मी त्यांच्यासोबत गेले. बाबर ओळखीचा होता, चहा मागवला. ढोक्यांनी गावाचं नाव सांगितलं, जमीन गेल्याचं सांगितलं, घरटी एकचं सांगितलं. बाबरने शांतपणे ऐकून घेतलं.

"ढोके, तुम्ही आमच्याकडे इतकी वर्षं काढलीत. तुम्हाला धंदा कळतो. मी तिथे लोकल लावू शकत नाही."

"लोकल?" ढोके म्हणाले.

"कंपनीची अट आहे. गावचा माणूस गेटवर ठेवला की उद्या सगळं गाव आत."

मला वाटलं, ढोके आता चिडतील. चिडावं अशी माझी फार इच्छा होती. त्यांनी चहाचा कप तेवढा खाली ठेवला. मग बाबरच म्हणाला, "एक मार्ग आहे. तुमचा पत्ता मांजरीचा करून घ्या. पुण्याहून आमचा माणूस म्हणून पाठवतो, गेट सुपरवायझर. राहायचं आत, क्वार्टरमध्ये. गावात जायचं नाही, गावातल्या कुणाशी संबंध दाखवायचा नाही. साइट इंजिनिअरला कळलं तर मी तुम्हाला ओळखत नाही."

"गेटवर काय कराचं?"

"लोकल आले तर परत पाठवायचं. दुसरं काय?"

बाहेर आल्यावर आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. गाड्यांचा धूर आणि कर्कश हॉर्न. ढोके म्हणाले, "काय करू बाई?"

"जाऊ नका," मी म्हटलं. "इथेच राहा. कमलबाईंना आणा. ज्यांनी कबूल केलं ते गेले, तुम्ही सुटा आता."

"इथं राह्यलो तं कंपनी येऊन बी मी आलो नाही असं होते. तिथं गेलो तं मोठेबाबाले गेटवरून माघारी पाठवाचं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तिथं निदान घर दिसन."

ते गेले. खोली सोडताना तात्या तिरकसपणे म्हणाले, "आता तुमी कागदावर मांजरीचं लोकल झाला. म्हंजे हितंबी तुमाला कोण ठिवायचं न्हाय." म्हणाले आणि मग उठून स्वतःच पेटी रिक्षात चढवली.

फोन यायचे अधूनमधून. बारीक आवाजात, भिंतीआड उभं राहून केल्यासारखे. "घर दिसते बाई इथून. कमल अंगन झाडताना दिसते." मी विचारायची, जाता का कधी? "नाही जी. पाहून राहिलो फक्त." गावचे लोक काय म्हणतात, हे मी एकदाच विचारलं. ते म्हणाले, कुणीतरी आलं, ठेवतो.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी शिकवलेल्या एका पोराचं तिकडे लग्न होतं. गुडघे कुरकुरत असताना मी मुद्दाम गेले. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवऱ्या मुलाच्या भावाने मला गाडीवर बोरखडीला नेलं. नजर जाईल तिथवर निळ्या काचा, सगळ्या एकाच बाजूला कललेल्या. तार, गेट, केबिन. गेटबाहेर उरलेल्या एका बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत पाच-सहा माणसं बसली होती. आणि गेटच्या आत गणवेश घालून, टोपी घालून ढोके उभे होते. त्यांच्या शेजारी एक तरुण इंजिनिअर फोनवर बोलत होता.

मी हात वर करून हाक मारणार, इतक्यात ढोके पुढे आले आणि म्हणाले, "नमस्कार मॅडम. आपण कोणाकडे आला आहात? इथे परवानगीशिवाय थांबता येणार नाही."

आमच्या पेठेतला माणूस बोलावा तसं. इतकी वर्षं पुण्यात काढून ज्यांच्या तोंडातून 'मले'चं कधी 'मला' झालं नव्हतं, ते. माझ्या तोंडून "अहो ढो..." एवढं निघालं, तोच बाभळीखालचा एक थकलेला म्हातारा काठी टेकत उठला आणि माझ्या कोपराला धरून मला बाजूला घेऊन गेला.

"नाव नका घेऊ बाई," तो हळूच म्हणाला. "थे पुन्याचे साहेब हायेत."

"तुम्ही..."

"मी त्याचा मोठाबाबा." त्याने इंजिनिअरकडे एक नजर टाकली. "सारं गाव साहेबच म्हनते. लेकरंबी म्हनतेत. आमी रोज येऊन बसतो, थो रोज नाही म्हनते. तसं दिसलं पाह्यजे ना. साऱ्या गावात एका घरी नोकरी लागली, बाई. थेबी घालवाची का?"

म्हातारा पुन्हा जाऊन सावलीत बसला.

तेवढ्यात गावाच्या बाजूने कमलबाई आल्या. डोक्यावर पदर, हातात कापडात बांधलेला डबा. त्यांनी मला ओळखलं, मान एवढीशी हलवली आणि थेट तारेपाशी गेल्या.

"साहेब, डबा."

"ठेवा बाई तिथे," ढोके म्हणाले.

इंजिनिअरने फोनवरून मान वर केली, डबा पोचवणारी बाई पाहिली आणि पुन्हा बोलायला लागला. कमलबाईंनी डबा तारेखालून आत सरकवला. ढोके केबिनच्या पायरीवर बसून जेवायला लागले, आणि डबा रिकामा होईपर्यंत त्या बाहेर उन्हात उभ्या राहिल्या.